इंग्लंडच्या यॉर्कमधला जुन्या नाटकांचा वॉक, नाटकवेड्यांनी कराच

दोन तासांचा गाईडेड वॉक आहे आणि मला प्रचंड आवडला. मध्ययुगात इथे कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाला बायबलमधल्या गोष्टींची नाटकं चाकाच्या गाड्यांवर व्हायची, पहाटे साडेचारला सुरुवात, मिकलगेट या रस्त्यापासून निघून ठरलेल्या जागी गाडी थांबणार, प्रयोग करणार आणि पुढे जाणार, लोक आपल्या जागेवर उभे आणि रंगमंचच त्यांच्याकडे येतोय!! एकेक नाटक एकेका कारागीर संघाकडे असायचं, म्हणजे जहाज बांधणाऱ्यांकडे नोहाची नौका, बेकरीवाल्यांकडे येशूचं शेवटचं भोजन, आणि खिळे बनवणाऱ्यांकडे क्रूसावर चढवण्याचा प्रसंग. हे त्या रस्त्यावर उभं राहून ऐकताना अंगावर काटा आला खरंच.

गाड्या ठेवायच्या जागेचा उल्लेख १३७६ च्या नोंदीत सापडतो, इतकं जुनं आहे हे. शेवटचा प्रयोग १५६९ चा, पण धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंड कॅथलिक चर्चपासून वेगळं झाल्यावर, ही नाटकं का बंद पडली ते गाईडने दोन मिनिटांत गुंडाळलं, तिथे जास्त वेळ हवा होता. गर्दीत मागे आवाजही पोचत नाही, त्यामुळे पुढेच उभे रहा. शेवट सेंट मेरीज अ‍ॅबी या जुन्या मठाच्या अवशेषांपाशी होतो, १९५१ मध्ये ही नाटकं पुन्हा इथेच उभी राहिली, तिथून माझा पाय निघत नव्हता.