पिकअपसाठी जंप स्टार्टर : लिथियमचा घ्यावा की कपॅसिटरचा?

जंप स्टार्टर, म्हणजे बॅटरी बसलेली गाडी सुरू करून देणारी छोटी पेटी, घ्यायचाच हे ज्यांचे ठरले आहे, पण लिथियम बॅटरीचा घ्यावा की वीज थोडा वेळ साठवणाऱ्या कपॅसिटरचा, यावर ज्यांचे अडले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. तासगाव तालुक्यात हंगामात द्राक्षे आणि त्यानंतर बेदाणा, अशी माझ्या पिकअपची वाहतूक चालते. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनावर मी हे दोन्ही प्रकार वापरले आहेत. नुसत्या जंपर केबलबद्दल फारसे लिहीत नाही. दुसरी गाडी जवळ असेल आणि केबल जाड तांब्याची असेल तर तिच्याइतके स्वस्त साधन नाही, परंतु रात्री बागेत दुसरी गाडी नसते, आणि आपला प्रश्न तिथेच सुरू होतो.

प्रथम लिथियमच्या पेटीचे गुण सांगतो, कारण ते खरे आहेत आणि दोन वर्षे मी त्यांचा लाभ घेतला आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. दाबून तापवलेल्या हवेवरच इंधन पेटते, आणि एवढा दाब देण्यासाठी इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला पेट्रोल गाडीपेक्षा बराच जास्त करंट लागतो. चांगल्या प्रतीची, पूर्ण भरलेली लिथियम पेटी हा करंट देते, आणि पहिल्या वेळी इंजिन धरले नाही तर दोन-तीन मिनिटे थांबून पुन्हा देते. माझ्या पेटीने एका भरणीत चार वेळा गाडी सुरू केल्याचे मला आठवते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला पीक अँपिअरचा आकडा मात्र क्षणभराचा असतो, त्यावर फार विसंबू नये. आपल्याइतक्या लिटरच्या डिझेल इंजिनासाठी ती पेटी चालते असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे का, तेवढे पाहावे, आणि शक्यतो एक पायरी वरची घ्यावी.

असे असूनही मी ती पेटी गाडीतून का काढली, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. फेब्रुवारीत सावळजच्या बाजूला एका बागेत रात्री माल भरत होतो. बागेत वीज नव्हती, म्हणून क्रेट रचणाऱ्यांना दिसावे यासाठी गाडीचे हेडलाइट दोन तास लावून ठेवले होते. माल भरून झाल्यावर चावी फिरवली तर सेल्फ नुसता टकटक करू लागला. मी निश्चिंतपणे सीटखालून पेटी काढली, चिमटे लावले आणि बटण दाबले, तेव्हा पेटीवरची शेवटची एकच खूण लुकलुकत होती. दिवसभर बागेत काम करणाऱ्या मुलांनी त्या पेटीवर मोबाइल चार्ज केले होते. त्यांना दोष द्यावा असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पेटीला मोबाइल चार्जिंगची जागा होती, जवळ दुसरी वीज नव्हती, आणि घरी निरोप द्यायला फोन लागतोच. व्यापाऱ्याचा मोठा ट्रक रस्त्याला उभा होता, पण तो २४ व्होल्टचा. त्याच्यावरून १२ व्होल्टच्या पिकअपला जोडणी देणे म्हणजे गाडीची सगळी इलेक्ट्रॉनिक्स पणाला लावणे. शेवटी शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टर आणला, केबल लावली आणि दीड तास उशिरा निघालो. द्राक्षाच्या मालाला तो दीड तास किती जड असतो, हे या भागात कोणाला सांगावे लागणार नाही.

त्यानंतर पेटी कुलपात ठेवून पाहिली. मग निराळी अडचण आली. हंगाम संपला की माझी गाडी अनेकदा आठवडेच्या आठवडे उभी राहते, आणि लिथियमची पेटी दोन-तीन महिन्यांनी आठवणीने चार्ज करावी लागते. ती आठवण मला दोनदा राहिली नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये मिरज-तासगावकडे बाहेरचाच पारा ४० अंशांच्या आसपास असतो. काचा लावलेली केबिन त्याहून कितीतरी तापते, आणि अशा उष्णतेत लिथियमचे सेल लवकर थकतात. म्हणजे पेटी गाडीत ठेवावी तर उन्हाची भीती, आणि घरी ठेवावी तर नेमक्या वेळी ती जवळ नसते. एका बॅटरीच्या काळजीपोटी मी दुसरी बॅटरी सांभाळत होतो.

कपॅसिटरच्या जंप स्टार्टरमध्ये ही दुसरी बॅटरीच नसते. तो रिकामा असतो आणि रिकामाच पडून राहिला तरी बिघडत नाही. गाडीच्या बसलेल्या बॅटरीलाच तो जोडायचा. सेल्फ फिरवण्याइतका जोर तिच्यात उरलेला नसला तरी थोडी वीज शिल्लक असते, तीच हळूहळू ओढून तो अधिक व्होल्टेजला साठवतो आणि मग एका दमात स्टार्टरला देतो. माझ्या गाडीवर त्याला भरायला साधारण तीन ते पाच मिनिटे लागतात. केबिनच्या उष्णतेचे त्याला लिथियमइतके वावडे नाही, आणि माझ्याकडच्या पेटीवरून मोबाइल चार्ज होत नाही, हा मी तिचा मोठा गुण समजतो. तीन हंगाम ती सीटखाली आहे, एकदाही आठवणीने घरी चार्जिंगला लावावी लागलेली नाही, आणि अजून तिने मला अडवलेले नाही.

तिच्या मर्यादा लपवणे योग्य होणार नाही. साठा लहान असल्यामुळे एका भरणीत एकच प्रयत्न धरावा; माझ्या अंदाजाने पाच-सहा सेकंद जोरदार सेल्फ मिळतो, त्यात इंजिन धरले नाही तर पुन्हा भरेपर्यंत थांबावे लागते. फिल्टर बदलल्यामुळे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरली असेल आणि इंजिनाला बराच वेळ फिरवावे लागणार असेल, तर ही पेटी पुरत नाही. बॅटरी पार शून्यावर गेली असेल तर पेटीला भरायला काही मिळत नाही, आणि मग ती दुसऱ्या गाडीवरून किंवा पॉवर बँकवरून भरावी लागते. पॉवर बँकवरून मला पाऊण तासाच्या वर वेळ लागला होता. मी घेतली तेव्हा किंमतही लिथियमपेक्षा जास्त पडली.

थंड जागी राहणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. आमच्याकडे हीटर प्लगचा, म्हणजे सेल्फ मारण्याआधी डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा, दिवा लागतो आणि बहुधा लगेच विझतो. माझे दाजी भिलारला असतात आणि स्ट्रॉबेरीचा माल पाचगणी-वाईकडे उतरवतात; तिकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीटर बराच वेळ चालतो, आणि तो करंट जोडलेल्या कपॅसिटरच्या लहानशा साठ्यातूनही जातो, त्यामुळे ऐन सेल्फच्या वेळी जोर कमी पडतो. दाजींच्या गाडीवर माझी पेटी लावून पाहिली तेव्हा पहिला प्रयत्न वाया गेला आणि दुसऱ्याला गाडी सुरू झाली. एवढ्यावरून नियम सांगू नये, तरी महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातील माणसाला मी डोळे झाकून कपॅसिटर घ्या असे म्हणणार नाही.

वापरण्याची रीत दोन्हींची बहुतेक सारखीच आहे, पण आधी टर्मिनल पाहावेत. माझ्या गाडीला निम्म्या वेळा बॅटरीचा दोष नव्हताच. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार चढलेला होता किंवा पकड ढिली होती, आणि गरम पाणी ओतून, पुसून, घट्ट आवळल्यावर सेल्फ फिरला. पेटी लावायचीच झाली तर लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि काळा इंजिनाच्या किंवा चॅसीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर लावावा, कारण बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी पडू नये. कपॅसिटरच्या काही पेट्या भरण्यासाठी दोन्ही चिमटे थेट टर्मिनलवर मागतात. तेथे माहितीपत्रक सांगेल तसे करावे. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांहून अधिक मारू नये. गाडी सुरू होताच आधी काळा आणि मग लाल चिमटा काढावा. लिथियमच्या पेटीवर जे बूस्टचे बटण असते, ते दाबताना विशेष जपावे. बॅटरी अगदीच मेलेली असली तरी पेटीने वीज सोडावी म्हणून ते दिलेले असते, पण अनेक पेट्यांत त्या वेळी उलट जोडणीपासूनचे संरक्षण बंद होते. अंधारात, घाईत, चिखलाने माखलेल्या टर्मिनलवर चिमटे उलटे लागणे अवघड नाही.

गाडी सुरू झाल्यावरही लगेच बंद करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरवर बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली दिसली तर ती नीट चार्ज करून घ्यावी, आणि चार्ज करूनही आठवड्याने तेच होत असेल तर जंप स्टार्टरचे पैसे नव्या बॅटरीत घालणे अधिक शहाणपणाचे, मग पेटी कोणतीही असो.

ज्यांची गाडी उन्हात, बागेत, चार माणसांच्या हाताखाली असते, आणि ज्यांना हंगाम संपल्यावर सहा महिने तिच्याकडे पाहायला सवड नसते, त्यांनी थोडे जास्त पैसे घालून कपॅसिटरची पेटी घ्यावी, असे माझे मत झुकते. लिथियमची पेटी वाईट नाही. माझी जुनी पेटी मी दाजींना दिली. भिलारला ती रोज संध्याकाळी गाडीतून घरात येते, आमची ताई न चुकता चार्जिंग पाहते, आणि गेल्या हिवाळ्यात त्या पेटीने दाजींना दोनदा वेळेवर पाचगणीला पोचवले आहे.