माडीवरचं पुस्तक मंडळ: सहा महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुर्मिळ पुस्तकं जमवणाऱ्यांची बैठक भरते. मंडळ खासगी आहे, दारावर पाटीसुद्धा नाही. नाव कुठं लिहू नका असं सभासदांनीच सांगितलंय, म्हणून देत नाही. मी दिवाळीनंतर सभासद झाले. वर्गणी वर्षाला १,२०० रुपये, आणि दोन जुन्या सभासदांची ओळख लागते.

गेले होते ते वडिलांचा मोल्सवर्थ घेऊन. मराठी-इंग्रजी कोश, सुरुवातीची पानं गेलेली, पाठीला खाकी कागद. वडील मिलमध्ये कारकून होते. कोश १८३१ चा, पहिल्या आवृत्तीचा, असंच ते आम्हाला सांगायचे. मंडळातल्या काकांनी आधी मला हात धुवायला लावले. मग कोश उशीवर ठेवला, सपाट उघडू दिला नाही. शेजारी १९७५ चं पुण्याचं पुनर्मुद्रण घेतलं. ते १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवरून निघालेलं आहे. मग एकेक पान धरून पहिला शब्द, शेवटचा शब्द ताडून बघितला. पाऊण तास चाललं होतं. सगळं जुळलं.

"बाई, हा सत्तावन्नचा आहे, पहिला नव्हे," काका म्हणाले. "पण समासात कुणीतरी पेन्सिलीनं शब्द वाढवलेत बघा. ते पुसू नका."

अक्षर वडिलांचं होतं. मिलमधले, मागावरचे शब्द. वडील गेल्यापासून कोश माझ्याच कपाटावर होता, आणि मी समास कधी बघितलेच नव्हते.

त्याच दिवशी एक गृहस्थ 'हस्तलिखित' पोथी घेऊन आले होते. ती शिळाछाप निघाली. शिळाछापात हातानं लिहिलेलं अक्षरच दगडावरून कागदावर उतरतं, त्यामुळे भलेभले फसतात. भिंगाखाली शाई सगळीकडे सारखी दिसली. बोरूनं लिहिताना बोरू नुकता बुडवला की रेघ गडद येते, शाई संपत आली की फिकी. एवढं आता माझं मला ओळखता येतं. जीवराज जैन ग्रंथमालेतला 'तिलोयपण्णत्ती' या जुन्या प्राकृत जैन ग्रंथाचा पहिला भाग, १९४३ सालचा, सोलापुरातूनच प्रसिद्ध झालेला, तोही मी पहिल्यांदा इथंच हातात घेतला. जन्म सगळा या गावात गेला माझा!

सगळ्यात मोलाचं काम डागडुजीचं. वडिलांनी फाटक्या पानांना लावलेली सेलोटेप पिवळी पडून कडक झालीय, ती मला ओढू दिली नाही. उरलेल्या फाटींना गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद लावला. खळ एक पद्मशाली आजोबा शिजवतात. आयुष्य मागावर गेलेलं, सुताला किती दाट खळ लागते हे बोटांना ठाऊक, कागदाचं त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. बाइंडर खळीत मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून. इथं टाकत नाहीत, कारण त्यानं पुढं कागदच खराब होतो. या कामाचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

जिना उभा आणि अंधारा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाला तरी सोबत आणावं. पण माझी खरी तक्रार ओळखीच्या अटीबद्दल आहे. अकरावीतली माझी एक विद्यार्थिनी आजोबांच्या पोथ्या घेऊन आली होती, तिला खालूनच परत जावं लागलं. पुस्तकं चोरीला जातात, अट त्यासाठी आहे, हे मला पटतं. तरी तीन महिन्यांतून एक रविवार शिकणाऱ्या मुलांसाठी मोकळा ठेवा, असं मी बैठकीत मांडलंय. निर्णय अजून झालेला नाही, मी पुन्हा मांडणार आहे.

यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत या. पुस्तक सुती कापडात बांधून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. शेंगाचटणी आणि कडक भाकरी असते, पण पुस्तकं कपाटात गेल्यावर.