३४-० आणि देशात दुसरा नंबर: विचिटा स्टेटचं रँकिंग तपासून पाहिलं तर

१७ मार्च २०१४ च्या सोमवारी अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलची एपी यादी, म्हणजे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची संघांची क्रमवारी, निघाली. त्या काळी एनसीएए या मोसमाअखेरच्या राष्ट्रीय बाद पद्धतीच्या स्पर्धेआधीची ही शेवटची यादी असे. पहिलं फ्लोरिडा, दुसरं विचिटा स्टेट, मग व्हर्जिनिया, अ‍ॅरिझोना आणि लुईव्हिल. विचिटाचा रेकॉर्ड होता ३४-०. पुढच्या रविवारी त्या स्पर्धेत केंटकीने त्यांना ७८-७६ असं हरवलं आणि वर्षभर "पण हे खेळलेत कुणाशी?" असं विचारणाऱ्यांना वाटलं, झालं सिद्ध.

काहीच सिद्ध झालं नव्हतं. दुसरा नंबर विचिटाने कमावलेला होता. त्या यादीत खरी चूक दुसरीकडे होती, आणि ती शोधायची तर क्रमांक लावायची पद्धत उघडून बघावी लागते.

आधी संघ. कॅन्सस राज्यातलं विचिटा हे गव्हाच्या पट्ट्यातलं शहर. संघाचं नाव शॉकर्स. कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या शेतात उभ्या रचतात त्या राशीला तिथे शॉक म्हणतात, आणि जुन्या काळी कॉलेजची पोरं हंगामात हेच काम करून पैसे मिळवायची, त्यावरून हे नाव पडलं. कोच ग्रेग मार्शल. गार्डला फ्रेड व्हॅनव्लीट आणि रॉन बेकर, फॉरवर्डला क्लेअँथनी अर्ली, आणि समोरच्या संघाच्या मुख्य स्कोअररला चिकटून राहणारा टेकेली कॉटन. आदल्या वर्षी हाच गाभा नववं सीड (स्पर्धेतल्या आपल्या गटात नववं मानांकन) असूनही फायनल फोरपर्यंत, म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत, गेला होता आणि पुढे विजेता ठरलेल्या लुईव्हिलकडून ७२-६८ असा हरला होता. म्हणजे नोव्हेंबर २०१३ मध्ये हा संघ कुणाला अनोळखी नव्हता. मतदारांनी त्याला सुरुवातीलाच बऱ्यापैकी वर ठेवलं, आणि ते बरोबरच होतं.

आता वेळापत्रक, कारण सगळा वाद तिथेच आहे. ३४ सामन्यांपैकी १८ मिझूरी व्हॅली कॉन्फरन्सचे, म्हणजे विचिटा ज्या संघगटात खेळायचा त्याचे, साखळी सामने, ३ त्याच कॉन्फरन्सच्या स्पर्धेतले आणि १३ बाहेरच्या संघांशी. व्हॅली त्या वर्षी नेहमीपेक्षा हलकी होती. क्रेटन हा तिथला दुसरा ताकदवान संघ २०१३ मध्येच बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये निघून गेला होता. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत विचिटासमोर तोडीचा संघच उरला नाही. रणजीच्या प्लेट गटात सगळे सामने जिंकलेल्या संघाला मुंबईच्या वर ठेवायचं का, असा तो प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता.

पण बाहेरचे १३ नीट वाचले पाहिजेत. सेंट लुईस विद्यापीठावर त्यांच्याच कोर्टवर ७०-६५. ब्रिगहॅम यंगवर कॅन्सस सिटीत, तटस्थ कोर्टवर ७५-६२. विचिटात टेनेसीवर ७०-६१. अलाबामावर त्यांच्या घरी ७२-६७. यातल्या सेंट लुईसला पुढे एनसीएएत पाचवं सीड मिळालं, ब्रिगहॅम यंगला दहावं. टेनेसी अकरावं सीड घेऊन आधीच्या पात्रता सामन्यापासून खेळत शेवटच्या सोळांत पोचलं आणि तिथे मिशिगनकडून फक्त दोन गुणांनी हरलं. म्हणजे स्पर्धेत स्थान मिळवलेले तीन संघ यांनी हरवले होते, त्यातला एक त्याच्या घरात जाऊन. अलाबामाचा मोसम सुमार गेला, त्यामुळे तो विजय कागदावर फिका दिसतो. तरी एसईसी या मोठ्या कॉन्फरन्समधल्या संघाच्या कोर्टवरून जिंकून येणं स्वस्त नसतं. कॉलेजमध्ये घरच्या कोर्टची किंमत ढोबळमानाने तीन गुण धरतात. पाच गुणांनी जिंकलेला परका सामना तटस्थ कोर्टवर आठाचा समजावा.

खरी यादी इथे संपते, आणि ती लहान आहे हे मान्यच करायला हवं. मोठ्या कॉन्फरन्समधला संघ असे सामने दर आठवड्याला खेळतो. मात्र त्याचा दोष विचिटावर टाकणाऱ्यांनी सामने ठरतात कसे ते बघावं. मोठी विद्यापीठं लहान संघांना पैसे देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात, पाहुण्याच्या घरी उलट भेट द्यायला जात नाहीत. आणि विचिटासारखा लहान कॉन्फरन्समधला पण भारी संघ त्यांना दोन्हीकडून नकोसा असतो: जिंकलं तर फार श्रेय नाही, हरलं तर नाचक्की. कॅन्सस विद्यापीठ त्याच राज्यात, गाडीने तीन तासांच्या आत. तरी १९९३ पासून या दोघांचा एकही सामना झालेला नव्हता.

आता ३४-० या आकड्याचं वजन. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ९५ टक्के धरली, म्हणजे जवळजवळ सगळेच प्रतिस्पर्धी दुबळे धरले, तरी सलग ३४ जिंकण्याची शक्यता साडेसतरा टक्के निघते. ९० टक्के धरली तर तीन टक्क्यांपेक्षाही कमी. हलक्या वेळापत्रकातही कुठेतरी पाय घसरतोच: प्रवासाचा थकवा, फाउलमध्ये अडकलेला गार्ड, समोरच्याचे थ्री-पॉइंटर एकामागून एक पडणारी एखादी संध्याकाळ. जानेवारीत मिझूरी स्टेटच्या कोर्टवर अशीच संध्याकाळ आली होती. विचिटा १९ गुणांनी मागे होता आणि तिथून ओव्हरटाइममध्ये नेऊन ७२-६९ जिंकला. ज्याला हा संघ नुसत्या वेळापत्रकाच्या जोरावर वर आला असं वाटतं, त्याने हा सामना बघावा. कमकुवत संघाविरुद्ध १९ ने मागे पडणं हा धोक्याचा इशारा होताच. पण तिथून परतताना घाईघाईने थ्री न मारता बचाव घट्ट करून एकेक पझेशन (चेंडू आपल्याकडे असतानाची एक चाल) सोडवणं, हे दुसऱ्या नंबरला शोभेल असंच होतं. १९९१ च्या यूएनएलव्हीनंतर अपराजित राहून एनसीएए स्पर्धेत उतरलेला हा पहिला संघ होता.

मग यादीचं यंत्र. एपी यादी साठ-पासष्ट क्रीडा पत्रकार दर आठवड्याला भरतात. प्रत्येकाने २५ संघ लिहायचे, पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला १, आणि बेरीज. पद्धत सोपी, उघड आणि जुनी, १९४९ पासूनची. तिचा दोष म्हणजे आळस. संघ जिंकत राहिला तर त्याला खाली आणायला मतदाराचा हात धजत नाही. वरचा हरला की खालचा आपोआप एक पायरी चढतो. विचिटाच्या चढाईत या सवयीचा हात होता. त्यांनी फेब्रुवारीत काही नवं सिद्ध केलं म्हणून ते वर गेले असं नाही, वरचे एकेक करून हरले. म्हणून नेमकं बोलायचं तर ताकदीच्या हिशोबात त्यांना तिसरा-चौथा नंबर जास्त चपखल बसला असता. कमाईच्या हिशोबात दुसरा अगदी बरोबर.

एनसीएए स्पर्धेतले संघ आणि सीड ठरवणारी निवड समिती तेव्हा आरपीआय हा विजयांच्या प्रमाणावर बेतलेला निर्देशांक वापरायची, आणि ते साधन विचिटासारख्या संघावर उघड अन्याय करणारं होतं. आरपीआयमध्ये स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला फक्त २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला ५० आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना २५. किती फरकाने जिंकलात याला शून्य. कागदावर मांडून बघा. समजा अपराजित संघाचं स्वतःचं प्रमाण १.०००, प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी ०.५५०, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचं ०.५००. बेरीज: ०.२५० + ०.२७५ + ०.१२५ = ०.६५०. आता ३४ पैकी एक सरासरी प्रतिस्पर्धी काढून त्या जागी ०.२०० चा तळातला संघ घाला. सरासरी एक शतांशाने उतरते आणि आरपीआय ०.६४५ वर येतो. सामना तुम्ही ४० गुणांनी जिंकलात तरी! जिथे संघ हजारांशाच्या फरकाने मागेपुढे असतात तिथे हा पाच हजारांशाचा दंड म्हणजे तीन-चार जागा. व्हॅलीतल्या संघाला असे सामने टाळताच येत नाहीत, कारण कॉन्फरन्सचं वेळापत्रक त्याच्या हातात नसतं. २०१८-१९ पासून आरपीआय काढून टाकला आणि नेट नावाची नवी क्रमवारी आली ती यामुळेच.

ताकद बघायची तर दर १०० पझेशनमागे किती गुण केले आणि किती दिले ते बघायचं. पझेशन घरी काढता येतात. एकूण शॉट, वजा स्वतःचे ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपलाच चुकलेला शॉट परत पकडणं), अधिक टर्नओव्हर (शॉटआधीच चेंडू गमावणं), अधिक फ्री थ्रोच्या ०.४७५ पट. उदाहरण: ५५ शॉट, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, ११ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो. ५५ - १० + ११ + ९.५ = ६५.५ पझेशन. गुण ७५ असतील तर दर शंभरी ११४.५. ऑफेन्सिव्ह रिबाउंड वजा करायला लोक विसरतात. मग पझेशन फुगतात आणि रिबाउंडमध्ये दांडगा संघ दर शंभरीच्या हिशोबात आहे त्यापेक्षा कमकुवत दिसतो. विचिटा त्या मोसमात सरासरी पंधराच्या आसपास गुणांनी जिंकत होता, आणि तेही घाईचा खेळ न खेळता. ३५ सेकंदांचा शॉट क्लॉक (शॉट घ्यायची मुदत) असलेल्या त्या काळात एवढा फरक म्हणजे बचाव आणि शॉटची निवड दोन्ही वरच्या दर्जाचे. नशिबाने दोन-दोन गुणांनी तरलेल्या संघाचे आकडे असे दिसत नाहीत.

आणि मग तो रविवार. सेंट लुईसचं स्कॉटट्रेड सेंटर, जिथे दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी व्हॅलीची स्पर्धा जिंकली होती. समोर आठवं सीड केंटकी, २५-१०, एपी यादीच्या बाहेर. पण हे तेच केंटकी जे मोसमाआधीच्या यादीत पहिलं होतं: ज्युलियस रँडल, जेम्स यंग, हॅरिसन जुळे, सगळे पहिल्या वर्षाचे. एसईसीच्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाकडून, म्हणजे यादीतल्या पहिल्या संघाकडून, ते ६१-६० असे एका गुणाने हरले होते. विचिटाकडून अर्लीने ३१ केले, बेकरने २०. हॅरिसन भावांनी मिळून ३९. शेवटी दोन गुणांनी मागे असताना व्हॅनव्लीटने थ्री मारला, तो रिंगवर आपटून बाहेर आला. आत पडला असता तर ७९-७८, आणि दुसऱ्या नंबरबद्दल कुणी तोंड उघडलं नसतं. ज्या संघाचा क्रमांक एका चेंडूच्या उडीवर खरा किंवा खोटा ठरवला जातो, त्याच्याबद्दल ठरवणाऱ्याने काहीच मोजलेलं नसतं.

केंटकीने पुढे लुईव्हिलला ७४-६९, मिशिगनला ७५-७२ आणि विस्कॉन्सिनला ७४-७३ असं पाडलं आणि अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. म्हणजे चुकलेला क्रमांक केंटकीचा होता. पहिल्या वर्षाच्या पोरांचा संघ मार्चपर्यंत घडत जातो. डिसेंबरमधले त्यांचे पराभव मार्चमधल्या पराभवांइतकेच मोजणारी कुठलीही यादी त्यांना खाली ढकलणार. त्याच मिडवेस्ट गटात दुसरं सीड मिशिगन, तिसरं ड्यूक आणि एपीचं पाचवं लुईव्हिल चौथं सीड म्हणून. पहिल्या सीडला बक्षीस म्हणून सोपा रस्ता मिळायचा असतो. विचिटाला मिळाला तो त्या वर्षीचा सगळ्यात खडतर.

आज एखादा लहान कॉन्फरन्सचा संघ फेब्रुवारीत वरच्या पाचांत दिसला तर त्याची तपासणी नेटच्या चार खणांतून करावी, प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक आणि कोर्ट बघून सामने त्यांत वाटले जातात. पहिल्या खणात घरच्या कोर्टवर १ ते ३० क्रमांकाचे, तटस्थ कोर्टवर १ ते ५०, परक्या कोर्टवर १ ते ७५ क्रमांकाचे प्रतिस्पर्धी. आधी इथले विजय मोजा, त्यातही परक्या कोर्टवरचे वेगळे. मग तिसऱ्या आणि चौथ्या खणातले, म्हणजे दुबळ्या संघांकडून झालेले, पराभव. मोठ्या कॉन्फरन्सच्या आठ पराभव झालेल्या संघाचे त्यातले दोन तिथे असतील तर अपराजित लहान संघाला त्याच्या वर ठेवायला संकोच करू नये. त्यानंतर पाच किंवा कमी गुणांच्या फरकाचे सामने वेगळे काढा. अशा सामन्यांत ९-० असलेला संघ यादीत दिसतो त्यापेक्षा हलका असतो, तो आकडा पुढच्या महिन्यात टिकत नाही. शेवटी खेळाडूंची वर्षं बघा. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे गार्ड असलेला संघ डिसेंबरात जसा असतो तसाच मार्चमध्ये असतो. पहिल्या वर्षाच्यांचा तसा नसतो, म्हणून त्यांचे शेवटचे दहा सामने अलग काढून त्यांचा दर शंभरीचा हिशोब करावा. हे न केल्यानेच २०१४ मध्ये केंटकी आठवं सीड ठरलं.

वापरून पाहिलेली वस्तू म्हणून मत द्यायचं तर एपी यादीला पाचपैकी साडेतीन तारे. संघाने आजवर काय मिळवलं याची ती प्रामाणिक नोंद आहे. उद्या कोण जिंकेल यासाठी ती घेऊ नये. अमेरिकेत ऑफिसमध्ये ब्रॅकेट (स्पर्धेत कोण कुणाला हरवेल याचा तक्ता) भरणाऱ्या मराठी मंडळींनी तर सीडशेजारचा क्रमांक झाकूनच भरावा. आरपीआयला एक तारा, तोही विजय-पराभव चुकीचे मोजत नव्हता म्हणून. विचिटाच्या दुसऱ्या क्रमांकाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वरच्यांच्या पराभवांनी मिळालेल्या पायऱ्यांचा.

आणि "खेळलेत कुणाशी?" याचं उत्तर एका वर्षाने मिळालं. २०१५ च्या मार्चमध्ये ओमाहात ब्रॅकेटनेच कॅन्सस आणि विचिटाला समोरासमोर आणलं, तेव्हा आता कुणाला नाही म्हणता येत नव्हतं. कॅन्सस दुसरं सीड, विचिटा सातवं. व्हॅनव्लीट आणि बेकर दोघेही अजून संघात होते. विचिटा ७८, कॅन्सस ६५.