हिशेबाच्या कामासाठी घेतलेला हलका आणि परवडणारा लॅपटॉप: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात मी कामासाठी नवा लॅपटॉप घेतला. आता ऑक्टोबर संपत आला आहे. मार्चअखेर, जुलैमधली टीडीएसची विवरणपत्रे, सप्टेंबरमधल्या सोसायट्यांच्या वार्षिक सभा आणि त्यापाठोपाठची लेखापरीक्षणाची धावपळ हे सगळे याच यंत्रावर पार पडले असल्यामुळे त्याचे गुणदोष आता खात्रीने सांगता येतील असे वाटते. माझे काम हिशेब लिहिण्याचे आहे. मध्य पुण्यातले काही दुकानदार, भोसरीतले दोन लहान कारखाने आणि कोथरूड-कर्वेनगर भागातल्या सहा गृहनिर्माण संस्था यांचे जमाखर्च मी पाहते. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेल, जीएसटीचे पोर्टल, बँकांची खाते-उतारा पत्रके आणि सोसायट्यांच्या मराठी नोटिसा यांपलीकडे मला संगणकाकडून काही नको असते. मात्र हे सगळे एकाच वेळी उघडे असते आणि ते घेऊन मला दिवसातून दोन-तीन ठिकाणी जावे लागते.

लॅपटॉपच्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही. एकाच नावाचे मॉडेल वेगवेगळ्या स्क्रीनसह, वेगवेगळ्या मेमरीसह विकले जाते, त्यामुळे नाव वाचून खरेदी केलेल्याच्या हाती भलतेच काही पडू शकते. त्यापेक्षा आतली रचना सांगितलेली बरी: चौदा इंची स्क्रीन, इंटेलचा आय३-१२१५यू प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि आणखी एक मेमरी बसवण्यासाठी मोकळी जागा, ५१२ जीबी एसएसडी साठवण, ४२ वॉट-तासांची बॅटरी. किंमत अठरा टक्के जीएसटी धरून ३५,४०० रुपये पडली.

आधीचा लॅपटॉप २०१८ चा, सातव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा होता. तो बंद पडला नव्हता, पण विंडोज ११ साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेच्या अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झाले होते. लोकांचे पॅन क्रमांक, बँक खाती आणि डिजिटल सह्या ज्या यंत्रावर हाताळल्या जातात, त्याची सुरक्षा अशी वाऱ्यावर सोडणे मला पटले नाही. दुसरे कारण खांद्याचे. कोथरूडहून मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरायचे, तिथे भुयारी मार्गिकेकडे खाली जाऊन स्वारगेटची गाडी पकडायची, मंडईला बाहेर पडून रविवार पेठेत चालत जायचे, आणि हे सगळे उजव्या खांद्यावर सॅक अडकवून. दोन वर्षांपासून तो खांदा रात्री ठणकत असे.

रविवार पेठेतल्या एका किराणा दुकानाचे हिशेब मी बरीच वर्षे पाहते आहे. नवा लॅपटॉप घेतल्यावर तिथल्या काकांनी तो कौतुकाने हातात घेतला आणि म्हणाले, "ताई, ठेवा काट्यावर, कळू दे तरी." इलेक्ट्रॉनिक काट्यावर लॅपटॉप १ किलो ४२० ग्रॅम भरला. जुना चार्जरशिवाय २ किलो २०० ग्रॅमच्या आसपास होता, त्यामुळे मला समाधान वाटले. मग काका म्हणाले, आता बाकीचेही ठेवा. चार्जर २४० ग्रॅम, माउस ८५ ग्रॅम, वह्या आणि फाइल ७०० ग्रॅम, डबा आणि भरलेली पाण्याची बाटली मिळून दीड किलोच्या वर. रिकामी सॅक ९८० ग्रॅम! म्हणजे जो लॅपटॉप हलका मिळावा म्हणून मी महिनाभर शोधाशोध केली होती, तो एकूण ओझ्याच्या एक तृतीयांशही नव्हता. त्याच आठवड्यात मी ४५० ग्रॅमची साधी कापडी सॅक घेतली. दीड किलोचा लॅपटॉप सोडून सव्वा किलोचा घेण्यासाठी ज्यांना दहा-पंधरा हजार रुपये जास्त मोजावे लागणार आहेत, त्यांनी आधी आपली रोजची सॅक काट्यावर ठेवून पाहावी असे मी मनापासून सांगेन.

प्रोसेसरच्या बाबतीत दुकानातला आग्रह आय५ साठी होता. आय३-१२१५यू मध्ये सहा कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) असतात, आय५-१२३५यू मध्ये दहा; पण माझ्या टॅलीला आणि एक्सेलला त्या जादा कोअरांचा उपयोग फारसा नव्हता, म्हणून मी ते पैसे राखून ठेवले. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचे पर्यायही पाहिले. तिथे क्रमांकावरून फसगत होऊ शकते. रायझेन ५ ७५२०यू आणि रायझेन ५ ७५३०यू ही नावे जुळ्या भावंडांसारखी दिसतात, परंतु पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. ७०००च्या मालिकेत तिसरा अंक रचना कोणती ते सांगतो, त्याकडे लक्ष द्यावे. शिवाय ७५२०यू सोबतची मेमरी बोर्डावर कायमची जोडलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. विंडोज ११ असलेले, पण ४ जीबी मेमरीचे आणि एसएसडीऐवजी ईएमएमसी ही संथ साठवण असलेले स्वस्त लॅपटॉप तर कार्यालयीन कामासाठी कोणीही घेऊ नयेत. क्रोमबुकचा विचार मी केला नाही, कारण टॅली विंडोजवर चालते.

मेमरीची गोष्ट मला फेब्रुवारीत कळली. जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवरच्या कराचा तपशील दाखवणारे पत्रक, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते; ती उतरवून घेऊन खरेदीच्या नोंदवहीशी ताडून पाहण्याचे काम मी करत होते. दोन मोठ्या एक्सेल फाइल, टॅली, ब्राउझरमध्ये दहा-बारा पाने आणि व्हॉट्सॲप उघडे होते. मी रक्कम टाइप केली तर आकडे दोन-तीन सेकंदांनी उमटू लागले. टास्क मॅनेजर उघडला तेव्हा ८ जीबीपैकी जेमतेम अर्धा जीबी शिल्लक होती, आणि प्रोसेसर मात्र निवांत बसलेला. मोकळ्या जागेत ८ जीबीची आणखी एक पट्टी बसवून घेतली, खर्च १,८०० रुपये. झाकण उघडल्याने वॉरंटीला बाधा येते का, हे मी खरेदीपूर्वीच लेखी विचारून ठेवले होते. त्या दिवसापासून आजपर्यंत यंत्र एकदाही अडखळलेले नाही. आय५ वर पैसे घातले असते तर हा त्रास तसाच राहिला असता. म्हणून कोणी विचारले की मी पहिला प्रश्न हाच करते: मेमरी १६ जीबी आहे का, नसेल तर वाढवता येते का?

आता कळफलकाकडे वळते, कारण हिशेब लिहिणाऱ्याचा सारा दिवस त्यावर जातो. बहुतेक चौदा इंची लॅपटॉपमध्ये उजवीकडचा अंकांचा भाग नसतो, तसा तो यातही नाही. खरेदीच्या वेळी मला हे माहीत होते, तरी त्याची किंमत किती मोजावी लागेल याचा अंदाज नव्हता. ज्या हाताने वीस वर्षे न बघता आकडे मारले, तो हात वरच्या ओळीत एकेक अंक शोधू लागला, आणि पहिल्या आठवड्यात एका व्हाउचरमध्ये १,८९० च्या जागी १,९८० पडले. तपकीर गल्लीतून ६०० रुपयांचा सुटा नंबर पॅड आणला, तेव्हा कुठे घडी बसली. वजन ९५ ग्रॅम, म्हणजे तक्रार करण्यासारखे नाही. रुपयाचे चिन्ह भारतीय इंग्रजी मांडणीत उजवा ऑल्ट आणि ४ दाबले की येते. मराठीसाठी मी इन्स्क्रिप्ट वापरते. तिथे 'सदऱ्यातील' किंवा 'दुसऱ्या' यांतला ऱ शिफ्ट आणि जे दाबून मिळतो. ज्यांना इन्स्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कळफलकही आहे, वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. सभेच्या इतिवृत्ताची चार पाने मी या कळांवर एका बैठकीत टाइप करते आणि बोटे दुखत नाहीत, हे मी आवर्जून नोंदवते. वरखाली जाण्याच्या बाणांच्या कळा मात्र अर्ध्या उंचीच्या आहेत, आणि एक्सेलमध्ये त्या रोज टोचतात.

जोडण्या पुरेशा आहेत: दोन नेहमीचे यूएसबी, एक टाइप-सी, एक एचडीएमआय. डिजिटल सहीचे टोकन नेहमीच्या यूएसबीलाच लागते आणि नंबर पॅडला दुसरे, त्यामुळे केवळ टाइप-सी असलेला अतिशय पातळ लॅपटॉप माझ्या कामाचा नव्हता. टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेताना नंबर पॅड काढावा लागतो, तेवढे चालते. कॅमेरा सामान्य आहे. पंखा उन्हाळ्यात भोसरीच्या कारखान्यात ऐकू येत असे, पुण्यातल्या पावसाळ्यात कधी जाणवला नाही.

बॅटरीच्या जाहिरातीत सांगितलेले तास मला कधीच मिळाले नाहीत. स्क्रीनचा उजेड साठ-सत्तर टक्के ठेवून माझ्या कामात साडेपाच तास मिळतात. भोसरीत गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते, दुरुस्तीसाठी वीज बंद असण्याचा प्रसंगही त्याच दिवशी येतो, आणि जुनी कागदपत्रे पाहायला मला नेमका तोच दिवस सोयीचा पडतो. तेव्हा हे साडेपाच तास पुरले आहेत. घरी असताना चार्जर दिवसभर लावलेला असतो म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय मी चालू ठेवली आहे, कारण लिथियम बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहिली तर लवकर जीर्ण होते. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता दिसते. माझी ४२,००० मिलिवॉट-तासांवरून ३९,०६० वर आली आहे, म्हणजे ९३ टक्के उरली आहे.

जुलैमध्ये मोठा प्रसंग आला. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची ११ तारीख नुकतीच उलटली होती आणि एका सकाळी लॅपटॉप चार्जच होईना. टाइप-सीची वायर बदलून पाहिली, दुसरा चार्जर लावला, उपयोग झाला नाही. वॉरंटी होती, पण ती यंत्र केंद्रावर नेऊन देण्याची होती, घरी येऊन दुरुस्त करण्याची नव्हती; खरेदीच्या वेळी या फरकाकडे माझे दुर्लक्ष झाले होते. नऊ दिवस लॅपटॉप माझ्याकडे नव्हता. २० तारखेचे जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचे विवरणपत्र, मी जुन्या लॅपटॉपवर भरले, आणि ते शक्य झाले ते केवळ आदल्या संध्याकाळचा टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर असल्यामुळे. केंद्राने मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) बदलून दिला, पैसे लागले नाहीत.

घरी आणून तो सुरू केला तर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. माझ्या तोंडचे पाणी पळाले. झाले होते ते असे: विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केल्यावर डिस्क आपोआप सांकेतिक कुलपात जाऊ शकते, त्या कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम या सुरक्षेच्या भागात असते. मदरबोर्ड बदलला की ती किल्ली गेली. सुदैवाने रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते; मी मोबाइलवरून खाते उघडले आणि सहा-सहा अंकांचे आठ गट एकेक करून भरले. खात्याचा पासवर्ड आठवत नसता तर डिस्कवरचे सगळे अडकून पडले असते. ती की मी आता कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवली आहे. नवीन लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे करावे. आणि ज्यांची रोजीरोटी यंत्रावर आहे त्यांनी घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी थोडे पैसे देऊन मिळत असेल तर हात आखडता घेऊ नये.

कागदपत्रांविषयी दोन गोष्टी माझ्या व्यवसायामुळे सांगते. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी बिलावर आपला नोंदणी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे माझ्या बिलातल्या ५,४०० रुपयांच्या जीएसटीसारखी रक्कम इनपुट क्रेडिट म्हणून मिळते, म्हणजे आपल्याला भरायच्या करातून वजा होते. जे नियमित हिशेब ठेवून नफा दाखवतात, त्यांना संगणकावर घसारा ४० टक्के आहे, परंतु खरेदीच्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. सोबत मिळणारे ऑफिस होम अँड स्टुडंट २०२१ असेल तर त्याचा परवाना व्यावसायिक कामासाठी नसतो, हेही पाहून घ्यावे.

राहता राहिली स्क्रीन, आणि माझी खरी हळहळ तिथे आहे. उजेड २५० निट्सचा. घरात चांगला दिसतो, परंतु दुकानांत गिऱ्हाईकांसाठी दारे सताड उघडी असतात आणि त्या उजेडात मला पूर्ण प्रकाश करूनही एक्सेलच्या फिकट राखाडी रेषा दिसत नाहीत. लॅपटॉप तिरका धरून, पाठ भिंतीकडे करून बसावे लागते. रंग फिके आहेत, त्याचे मला काही नाही. मात्र उंची कमी पडते. १९२० बाय १०८० ऐवजी १९२० बाय १२०० ची स्क्रीन असती तर एक्सेलच्या चार-पाच ओळी एका नजरेत जास्त आल्या असत्या, आणि दिवसाला शेकडो वेळा पान सरकवणाऱ्याला त्या चार ओळी फार असतात. ३०० निट्सची, १६ बाय १० प्रमाणाची स्क्रीन तेव्हा साधारण चार हजार रुपयांच्या फरकाने मिळत होती. मेमरी वाढवता येते, नंबर पॅड आणता येतो, सॅक बदलता येते. स्क्रीन आहे तीच राहणार. गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीने शाळेच्या कार्यालयातल्या कामासाठी लॅपटॉप घ्यायचे ठरवले, तेव्हा मी तिला दुकानात यंत्र दाराजवळच्या उजेडात आणून एक्सेलचे कोरे पान उघडायला लावले. तिने चार हजार जास्त देऊन दुसरे मॉडेल घेतले.