स्विफ्टसाठी मॅगव्हील (अॅलॉय रिम) : साडेसहा इंच ऑफसेट ४० घ्यावं, की आठ इंच ऑफसेट २०?

कापसाचा चुकारा हातात आला की तालुक्याच्या टायरच्या दुकानांपुढे स्विफ्ट उभ्या दिसू लागतात. पोरांच्या मोबाइलमध्ये फोटो बहुतेक एकच असतो : १७ इंची डीप डिश, म्हणजे खोलगट ताटलीसारखी रुंद रिम, टायर मडगार्डच्या बाहेर आलेलं. दुकानदार पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप बघतो, ४ बाय १०० (चार भोकं, १०० मिमीचं वर्तुळ) जुळलं की ‘बसते भाऊ’ म्हणतो. ते खरंही असतं, बसते. पण हबवर, म्हणजे चाक जिथे नटांनी आवळतात तिथे, बसणं वेगळं आणि डिक्कीत तुरीचं पोतं, मागे तीन माणसं घेऊन गावच्या रस्त्यानं न घासता चालणं वेगळं. तो फरक रिमची रुंदी आणि ऑफसेट या दोन आकड्यांत आहे.

ऑफसेट म्हणजे रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मधल्या रेषेपासून किती मिलिमीटर सरकलेला आहे, ते माप. आपल्या गाड्यांत तो बाहेरच्या बाजूला सरकलेला असतो. म्हणून आकडा मोठा तितकं चाक आत, आकडा लहान तितकं चाक बाहेर. रुंदी इंचात मोजतात, आणि वाढलेला प्रत्येक इंच निम्मा आत, निम्मा बाहेर जातो, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. तुमच्या गाडीचे मूळ आकडे रिमच्या मागच्या बाजूला कोरलेले असतात. चाक खोलून, माती पुसून तेच वाचा, कारण मॉडेलप्रमाणे ते बदलतात.

समजा मूळ रिम १५ इंची, साडेपाच रुंद, ऑफसेट ४५ आहे. आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवू.

१६ इंची, साडेसहा रुंद, ऑफसेट ४० : रिम बाहेर येते १७.७ मिमी, आत सरकते ७.७ मिमी.

१७ इंची, आठ रुंद, ऑफसेट २० : बाहेर येते ५६.७५ मिमी, आत सरकते ६.७५ मिमी.

आतल्या बाजूला, म्हणजे शॉकअपकडे, दोन्ही जवळपास सारख्याच आहेत. त्यामुळे ‘आत घासत नाही ना?’ एवढंच विचारून रिम घेतली तर खरा प्रश्न राहूनच जातो. फरक सगळा बाहेर आहे : पावणेदोन सेंटिमीटर विरुद्ध पावणेसहा.

हे पावणेसहा सेंटिमीटर काय करतात ते मागच्या चाकावर आधी कळतं. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी पिळदार आडवी दांडी आहे. गाडी दबली तरी चाक वरून आत कलत नाही, सरळ वर जातं. रिकाम्या गाडीत मडगार्डची कड आणि टायर यांत बोटभर फट दिसते, म्हणून सगळं ठीक वाटतं. लग्नाला पाच जण बसवून, डिक्की भरून निघालात आणि पुलाच्या तोंडाशी खड्डा आला की तीच कड टायरचा खांदा सोलते. मग पोरं मडगार्डची कड ठोकून आत वळवतात. रंग फुटतो, पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो.

पुढच्या चाकाचं दुखणं निराळं. ऑफसेट कमी केला की चाकाचा टेका स्टेअरिंगच्या फिरण्याच्या रेषेपासून लांब जातो. एक चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंगला हिसका बसतो आणि वजनाचा ताण बेअरिंगवर तिरपा पडतो. गुळगुळीत रस्त्यावर हे फारसं जाणवत नाही. वणी किंवा चंद्रपूरकडे, कोळशाच्या ट्रकनी रस्त्याची कड तोडून टाकलेली आहे तिथे हातात येतं.

टायरचं गणितही इथेच बघू. या गाडीच्या वरच्या मॉडेलचं टायर १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची), उंची साधारण ६२१ मिमी. साडेसहाच्या रिमवर १९५/५५ आर १६ घातलं तरी उंची ६२१ च राहते. स्पीडोमीटर बिघडत नाही आणि जुनी स्टेपनी अडीनडीला चालते. आठ इंची रिमवर सहसा २०५/४५ आर १७ चढवतात. उंची ६१६, म्हणजे तिथे तक्रार नाही. पण या टायरला साडेसहा ते साडेसात इंच रिम चालते. आठवर ते ताणून बसवावं लागतं, कडा तिरप्या होतात आणि रिमची धार उघडी पडते. कारंज्याला किंवा मेहकरला समृद्धीवर चढून १२० च्या वेगानं, मे महिन्याच्या उन्हात काँक्रीटवर असं ताणलेलं टायर पळवणं मला बिलकूल पटत नाही. हवा थोडी जरी उतरली तरी त्याची कड रिमवरून सुटण्याचा धोका असतो.

टायरच्या भिंतीची उंचीही बघा. मूळ टायरला १२० मिमी, १६ इंचीला १०७, १७ इंचीला ९२. खड्ड्याचा मार आधी ही भिंत खाते, ती संपली की रिम खाते. मॅगव्हीलला एकदा चीर गेली की ती वेल्डिंग करून वापरू नये.

आणि पंक्चर! गावातल्या दुकानात टायर खोलायचं मशीन नसतं, दोन लोखंडी पट्ट्या आणि हातोडा असतो. ५५ चं टायर तो जपून खोलून देतो. ४५ चं कडक टायर खोलताना रिमची कड हमखास सोलते, नाहीतर तो सरळ हात जोडतो. शिवाय १९५/५५ आर १६ बलेनोच्या वरच्या मॉडेलला कंपनीतूनच येतं, म्हणून तालुक्याला मिळतं. बलेनोची पीसीडी आणि रिमचं मधलं भोकही स्विफ्टएवढंच आहे, भोक ५४.१ मिमी. तिची कंपनीची जुनी रिम सरळ मिळाली तर बाजारातल्या स्वस्त नव्या रिमपेक्षा मी तीच घेईन.

काळ्या मातीचं इथल्या माणसाला सांगायला नको. पांदणीतून गाडी काढली की चिखल रिमच्या आतल्या पोकळीत थापून बसतो, वाळला की दगड होतो, आणि डांबरीवर ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं. रिम रुंद तितका चिखल जास्त. टायर मडगार्डबाहेर असेल तर गिट्टी आणि चिखल थेट दरवाज्यावर उडतो.

डीप डिशच्या बाजूनं बोलायचं तर ती दिसते भारी, त्यात वाद नाही. चाकांमधलं अंतर वाढल्यानं गाडी वळणावर कमी कलल्यासारखी वाटते. गाडी शहरातच फिरते, दोघंच बसतात, शेतात जायला घरी दुसरी गाडी आहे, अशांना १७ इंची हौस करायची असेल तर निदान आठऐवजी सात रुंद आणि ऑफसेट ३५ ते ४० घ्या. टायर न ताणता बसतं आणि ३५ धरला तरी बाहेर येणं २९ मिमीवर थांबतं. ज्यांची एकच गाडी शेत, दवाखाना, लग्न आणि नागपूर सगळं करते, त्यांनी साडेसहा आणि ४० घ्यावं. कंपनीचीच रिम ठेवून स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) लावायचा विचार असेल तर तो सोडा. स्टड तेवढेच राहतात, नटाचे आटे कमी बसतात.

पैसे देण्याआधी एक माप घरी घ्या. सपाट जागी गाडी उभी करून मागे तिघांना बसवा. मडगार्डच्या कडेवरून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि दोरीपासून मूळ रिमच्या कडेपर्यंत पट्टीनं मोजा. ते अंतर ३० मिमी निघालं तर १७.७ वाली रिम आत राहते आणि ५६ वाली जवळपास इंचभर बाहेर येते, दुकानदार काही म्हणो. पुढे स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आतलं प्लास्टिक कुठे टेकतं तेही बघा.

मोटार वाहन कायद्यानं नियमबाह्य बदलाला, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बाहेर आलेलं चाक लांबूनच नजरेत भरतं.

रिमवर आयएसआय किंवा जेडब्ल्यूएल या जपानी मानकाची खूण बघून घ्या. मधलं भोक ५४.१ पेक्षा मोठं असेल तर अॅल्युमिनियमची रिंग मागा, प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेनं मऊ पडते. नट शंकूच्या तोंडाचे, १२ बाय १.२५ आट्यांचेच हवेत. ते हातानं धरून मग पान्यानं समोरासमोर आवळून घ्या, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा.