जुन्या डेस्कटॉपला एसएसडी जोडली, त्याला आठ महिने झाले

आमचं घरगुती डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. पेजमेकर आणि जुने मराठी फाँट ज्या डेस्कटॉपवर आहेत त्याचा बोर्ड एच६१ चिपसेटचा, प्रोसेसर दुसऱ्या पिढीचा आय-३, रॅम ८ जीबी, हार्ड डिस्क ५०० जीबीची आणि विंडोज १०. सकाळी बटण दाबून चहा टाकायचा, तो पिऊन व्हायचा, तरी डिस्कचा दिवा लुकलुकतच असायचा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के, प्रोसेसर जेमतेम १०. दुखणं कुठे आहे ते स्पष्ट होतं. जून २०२५ मध्ये ४८० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घेतली. एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, आणि साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत.

दुकानदार म्हणाला, "ताई, या बोर्डावर पैसे वाया जातील." त्याच्या म्हणण्यात अर्धं तथ्य होतं. एच६१ चे चारही साटा पोर्ट जुन्या, कमी वेगाचे, सेकंदाला ३ गिगाबिटचे. खोक्यावर सेकंदाला ५०० एमबीच्या वरचा आकडा छापलेला, मला मोजून मिळाले २६५. पण विंडोज उठताना एक मोठी फाइल वाचत नाही, हजारो बारीक फायली वाचतं. हार्ड डिस्कच्या हेडला प्रत्येकीसाठी हिंडावं लागतं. ४ केबीच्या तुकड्यांच्या चाचणीत जुनी डिस्क सेकंदाला १ एमबीच्याही खाली होती, एसएसडी २० च्या वर. आता पंचवीस सेकंदांत पेजमेकर उघडायला घेता येतं. पैसे वाया गेले नाहीत.

जोडणी मी स्वतः केली. एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, साटाचे पॉवर कनेक्टर दोनच, एक हार्ड डिस्कला आणि एक डीव्हीडी रायटरला. मोलेक्स या जुन्या चार पिनी पॉवर कनेक्टरवरून साटा करून देणारं कनव्हर्टर मिळतं, पण साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचं स्वस्त कनव्हर्टर आतल्या आत शॉर्ट होऊन जळू शकतं. ते नकोच म्हटलं. रायटर कित्येक वर्षं वापरलाच नव्हता, तो सोडवला आणि त्याचा कनेक्टर घेतला. एसएसडी साडेतीन इंची पट्टीवर बसवली. स्क्रू मात्र तिच्यासोबत आलेलेच लावा. हार्ड डिस्कच्या स्क्रूचे आटे जाड असतात, ते एसएसडीत पिळले तर भोक खराब होतं.

फॉरमॅट मारायचा नव्हता, म्हणून सी ड्राइव्ह क्लोन केला, म्हणजे विंडोजसकट जसाच्या तसा एसएसडीवर उतरवला. मग जुनी डिस्क सोडवून एकट्या एसएसडीवर पहिलं बूट केलं आणि नंतरच डिस्क परत जोडली, डेटासाठी. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड आयडीई या जुन्या पद्धतीवर होता. तो एएचसीआय या नव्या पद्धतीवर न्यायचा होता, पण थेट बदलला तर निळी स्क्रीन येते. आधी एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूटवर टिक केलं, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदलला, विंडोजला एकदा सेफ मोडमध्ये उठू दिलं आणि मग ती टिक काढली. विंडोज १० ला एवढं पुरलं.

दुसऱ्या महिन्यात, ऐन अहवालांच्या हंगामात, जुन्या डिस्कवर फायली कॉपी करताना मशीन अर्धा-अर्धा मिनिट गोठायला लागलं. डिस्क आता मरते असं वाटून पोटात गोळा आला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पाहिलं तर रीअलोकेटेड सेक्टर (खराब होऊन बदललेल्या जागा) शून्य, पण सी७ क्रमांकाच्या ओळीतला सीआरसी एररचा, म्हणजे डेटा ने-आण करतानाच्या चुकांचा, आकडा रोज वाढत होता. ही ओळ बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवते. माझी लाल केबल बिनक्लिपची होती आणि कॅबिनेटचं झाकण लावलं की कनेक्टरपाशीच दुमडायची. क्लिपवाली नवी केबल लावली. आकडा मागे येत नाही, पण त्या दिवसापासून एकानेही पुढे गेलेला नाही.

खरी परीक्षा गणपतीनंतर झाली. दहा दिवस गावी होतो, मेन स्विच बंद. परत आल्यावर मशीन चालू केलं तर सीमॉसचा (बायोसची सेटिंग साठवणाऱ्या मेमरीचा) एरर आणि एफ१ दाबा. दाबलं, तर निळी स्क्रीन: इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. दिवाळीनंतरच्या मुहूर्तांच्या पत्रिका त्यात होत्या. फोनवर एका दुरुस्तीवाल्याने "एसएसडी गेली, नवी घ्या" असं सांगूनही टाकलं. रात्री अकराला पुन्हा बायोस उघडला तेव्हा कोपऱ्यातल्या तारखेवर नजर गेली, २०११ साल दाखवत होती. बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला होता. सगळी सेटिंग मूळ जागी गेली होती आणि त्यात साटा मोड परत आयडीई झाला होता. विंडोज आता एएचसीआयवर उठायला शिकलेलं, त्याला स्वतःचीच डिस्क सापडेना. एएचसीआय केलं, बूटच्या क्रमात एसएसडी वर घेतली आणि विंडोज उठलं. सगळ्या पत्रिका जागच्या जागी! सकाळी सीआर२०३२ सेल आणला. एसएसडी बदलली असती तर तीही उठली नसती, आणि पैसे मात्र गेले असते.

एक उणीव सांगते. ही एसएसडी डीरॅम, म्हणजे स्वतःची वेगवान मेमरी, नसलेली आहे. तीस-चाळीस जीबी एकदम टाकले की शेवटी वेग बराच पडतो. पत्रिकांच्या कामात ते जाणवत नाही, व्हिडिओवाल्यांना जाणवेल.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. म्हणून नेटची केबल काढून ठेवली आहे, पीडीएफ पेनड्राइव्हने प्रेसला जातात. कॅबिनेटच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवलाय: सेल बदलल्याची तारीख, आणि खाली लाल पेनने "साटा मोड एएचसीआय".