'एजा' पूर्ण ऐकावा की गाजलेली गाणी? स्टीली डॅनच्या दोन रात्रींची तुलना

स्टीली डॅन या अमेरिकन जॅझ-रॉक बँडचं तिकीट काढायचं म्हटलं की एक पेच हमखास पडतो. हा बँड एकाच थिएटरमध्ये ओळीने कित्येक रात्री वाजवतो. २००९ पासून अशा मुक्कामात काही रात्री एखादा जुना अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने सादर होत आला आहे, आणि उरलेल्या रात्री गाजलेल्या गाण्यांच्या. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरचं बीकन थिएटर हे या प्रकाराचं जणू माहेरघर. एकच रात्र जमणार असेल तर कुठली घ्यावी?

मी दोन्ही ऐकल्या आहेत, त्यामुळे उत्तर आधीच सांगून टाकतो. 'एजा' हा त्यांचा अल्बम तुम्हाला पाठ असेल तर 'एजा'ची रात्र घ्या. पाठ नसेल तर गाजलेल्या गाण्यांची. याची कारणं मात्र थोडी वेगळी आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू. अल्बमची रात्र म्हणजे फक्त अल्बम, असं नसतं. 'एजा'ची सात गाणी मिळून जेमतेम चाळीस मिनिटं होतात. तेवढं वाजवून कोणी घरी पाठवत नाही. अल्बम संपला की पुढे गाजलेली गाणी येतातच. उलट, गाजलेल्या गाण्यांच्या रात्रीही 'एजा'तली तीन-चार गाणी असतात, 'पेग' आणि 'जोसी' तर बहुधा असतातच. म्हणजे दोन्ही रात्रींत बरीचशी गाणी सारखीच. फरक आहे तो क्रमाचा, आणि त्या क्रमामुळे कान कुठे लागतो याचा.

एका खुर्चीत सहा ड्रमर

'एजा' १९७७ च्या सप्टेंबरमध्ये आला. बँडचे संस्थापक वॉल्टर बेकर आणि डोनाल्ड फेगन यांनी १९७४ मध्येच दौरे थांबवले होते. दोघं स्टुडिओत बसायचे आणि प्रत्येक गाण्याला हवा तो वादक बोलवायचे. मनासारखं झालं नाही तर दुसरा, मग तिसरा. 'पेग'मधल्या गिटार सोलोसाठी एकामागून एक गिटारवादक येऊन गेले आणि शेवटी जे ग्रेडनचा सोलो ठेवला गेला, ही गोष्ट जॅझ-रॉकच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. ड्रम्सचंही तसंच. सात गाण्यांना सहा ड्रमर: 'ब्लॅक काऊ'ला पॉल हम्फ्री, 'एजा'ला स्टीव्ह गॅड, 'डीकन ब्लूज' आणि 'होम ॲट लास्ट'ला बर्नार्ड पर्डी, 'पेग'ला रिक मरॉटा, 'आय गॉट द न्यूज'ला एड ग्रीन आणि 'जोसी'ला जिम केल्टनर.

हा अल्बम रंगमंचासाठी बांधलेलाच नव्हता. बँड पुन्हा दौऱ्यावर निघाला तो १९९३ मध्ये. तोवर सोळा वर्षं ही गाणी फक्त तबकडीवर, कॅसेटवर आणि रेडिओवर जगली.

आता मंचावर बघा. ड्रम्सच्या मागे एकच माणूस, कीथ कार्लॉक. गॅडची झेप घेऊन झाली की लगेच पर्डीचा संथ, झुलता ठेका. तो संपतो न संपतो तोच मरॉटाचा काटेकोर नेमकेपणा. थोड्या वेळाने पर्डीचा तो प्रसिद्ध शफल, ज्यात मुख्य ठोक्यांच्या मधले हलके ठोके ऐकू येण्यापेक्षा जाणवतात जास्त. सहा जणांच्या हातांचं वळण एका माणसाने चाळीस मिनिटांत, त्याच क्रमाने, आणि तरीही स्वतःचं राखून वाजवायचं. मी ऐकलं त्या रात्री 'पेग' संपवून 'होम ॲट लास्ट'कडे वळताना तो क्षणभर थांबला, खांदे सैल सोडले, आणि पुढचा ठोका जणू दुसऱ्याच माणसाचा पडला. हीच दोन गाणी सुटी ऐकली असती तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं. अल्बमच्या रात्रीची खरी कमाई मला इथे दिसते.

दुसरी गोष्ट शेवटांची. या अल्बमवर गाणी विरत जातात. आवाज हळूहळू कमी होतो आणि वादन पुढे कुठेतरी चालू राहिलंय असं वाटतं. मंचावर तशी सोय नाही, प्रत्येक गाण्याला शेवट द्यावा लागतो. 'एजा' या शीर्षकगीताच्या अखेरीस गॅड तबकडीवर तुफान वाजवत असतानाच आवाज मावळतो आणि आपण चुटपुटत राहतो. कार्लॉक त्या जागेवरून पुढे जातो. मी बाल्कनीत होतो. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ डोळे मिटून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. ड्रम्स उसळले तशी त्यांची बोटं गुडघ्यांवर चालू लागली, पण गॅडच्या जुन्या हिशेबाने. दोन-तीन आवर्तनांनंतर हिशेब जुळेना, तेव्हा त्यांनी बोटं थांबवली, डोळे उघडले आणि पुढे वाकून ऐकू लागले. तबकडी पाठ असलेल्या माणसाला ही रात्र काय देते ते मी त्यांच्याकडे बघून समजलो. याच गाण्यात सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर आहेत. मंचावर त्या जागी वॉल्ट वाइसकॉफ यांनी शॉर्टरची नक्कल केली नाही, आपला सोलो वाजवला. बंदिश तीच, विस्तार आपला. मला हेच योग्य वाटतं.

अल्बमच्या रात्रीची उणी बाजू

क्रम पाळायचा म्हणजे क्रमाच्या अडचणीही पदरात घ्यायच्या. अल्बमचं शिखर दुसऱ्याच गाण्यात आहे, आणि तिसरं 'डीकन ब्लूज' साडेसात मिनिटांचं. म्हणजे मैफलीतला सगळ्यात अवघड भाग लोक अजून खुर्च्या शोधत असतात तेव्हाच होऊन जातो. पहिल्या खेपेला माझी गाडी उशिरा पोचली आणि मी धावत आत शिरलो तेव्हा 'ब्लॅक काऊ' संपत आलं होतं. पुढची वीस मिनिटं मी तिथे होतो खरा, पण श्वास आणि कान जागेवर नव्हते. गाजलेल्या गाण्यांच्या रात्री एक गाणं चुकलं तर एक गाणंच चुकतं. अल्बमच्या रात्री ओळच तुटते. त्यामुळे ही रात्र घेतलीत तर अर्धा तास आधी जाऊन बसा.

दुसऱ्या बाजूला 'आय गॉट द न्यूज' आहे. तबकडीवर मला ते कायम थोडं कोरडं वाटत आलं. मंचावर, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं) आणि सॅक्सचे मिळून चार वादक एकदम उठून वाजवू लागले की ते भरतं. गाजलेल्या गाण्यांच्या रात्री हे गाणं सहसा मिळत नाही.

आणि बेकर नाहीत. ३ सप्टेंबर २०१७ रोजी ते गेले. 'होम ॲट लास्ट' आणि 'जोसी'मधले तबकडीवरचे गिटार सोलो त्यांचे स्वतःचे आहेत. आता त्या जागा जॉन हेरिंग्टन सांभाळतो, उत्तम सांभाळतो, पण 'जोसी'च्या सोलोला मला प्रत्येक वेळी पोकळी जाणवते. फेगन यांचा जन्म १९४८ चा, आवाजाला वय झालंय. वरच्या जागा सोबतच्या गायिका उचलून धरतात. तबकडीवरचा तोच आवाज हवा असेल तर दोन्ही रात्री तुम्हाला खटकतील, अल्बमची रात्र जरा जास्त, कारण तिथे तुलना टळत नाही.

गाजलेल्या गाण्यांची रात्र कुणासाठी

सोबत येणाऱ्याला हा बँड फारसा ठाऊक नसेल तर निःशंक हीच रात्र घ्या. १९७२ च्या 'रीलिंग इन द इयर्स'पासून १९८० च्या 'हे नाइन्टीन'पर्यंत सगळा प्रवास एका बैठकीत होतो. 'किड शार्लमेन'ची गिटार सुरू झाली की ओळख नसलेला माणूसही मान हलवतो, 'माय ओल्ड स्कूल'ला लोक उभे राहतात. चढउतार चांगले जमतात, कारण क्रम बँडच्या हातात असतो आणि शिखर शेवटाकडे ठेवता येतं. निव्वळ आनंदाच्या हिशेबात ही रात्र कमी नाही. मला त्या रात्री घरी जाताना जास्त गुणगुणावंसं वाटलं, आणि अल्बमच्या रात्री जास्त गप्प राहावंसं.

मोठ्या स्टेडियममध्ये दुसऱ्या बँडच्या आधी वाजवतात ती मैफल या तुलनेत मी धरलेली नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ईगल्सच्या निरोपाच्या दौऱ्यात स्टीली डॅन असंच आधी वाजवत होते. वेळ थोडा, गाणी ठरलेली, आणि ब्रासच्या आतल्या ओळी त्या पसाऱ्यात हरवतात. बीकनमध्ये साधारण अठ्ठावीसशे माणसं बसतात. या संगीताला त्याहून मोठी जागा मानवत नाही. तिथेही अगदी पुढची रांग टाळा. साउंडवाल्यांच्या टेबलाच्या आसपास किंवा बाल्कनीच्या पुढच्या ओळीत सगळी वाद्यं नीट मिसळून पोचतात.

अल्बमच्याच रात्रींत निवड करायची झाली तर? 'द रॉयल स्कॅम' गिटारवेड्यांचा. 'गाउचो' तबकडीवर इतका घासून-पुसून गुळगुळीत केलेला आहे की जिवंत वादनात तो मोकळा श्वास घेतो. मंचावर सर्वांत जास्त बदलतो तोच, असं माझं मत. तरी पहिली रात्र 'एजा'चीच.

अजून ठरत नसेल तर एक करा. २०२१ मध्ये 'नॉर्थईस्ट कॉरिडॉर' हा त्यांचा थेट मैफलींचा अल्बम आला, त्यात 'एजा' हे शीर्षकगीत आहे. ते शेवटपर्यंत ऐका. ड्रम्स सुरू झाल्यावर हात मूळ तबकडीकडे गेला तर गाजलेल्या गाण्यांचं तिकीट काढा. पुन्हा तेच लावावंसं वाटलं तर अल्बमचं.